बटण आत की बाहेर

तुमच्या न्हाणीतल्या दिव्याचं बटण दाराच्या आत आहे की बाहेर?

हा प्रश्न माझा नाही, आमच्या शेजारच्या दाऊदचाचांचा. अर्धं आयुष्य बोटींवर विजेचं काम करून ते रत्नागिरीला परतले, आणि तेव्हापासून भेटेल त्याला तब्येतीच्या आधी हेच विचारतात. माझ्या ताईला बघायला चिपळूणची मंडळी आली, तेव्हा चाचा शेजारी म्हणून येऊन बसले होते. मुलाची नोकरी, घरची आंब्याची कलमं, सगळं बोलून झालं. चाचांनी घसा खाकरून मुलाच्या वडिलांना विचारलं, "न्हाणीत बटण कुठे?"

"आमच्याकडे अजून कंदीलच आहे," ते ओशाळून म्हणाले.

चाचा आईकडे वळले. "देऊन टाका वहिनी. पोरगी जगेल."

कुठल्याही घरात शिरताना चाचा भिंतीला उलटा हात, म्हणजे हाताची पाठ, लावून बघत. "सुलटा हात तार धरून बसतो, वासू. मग सोडवायला कोणी नसतं." ही सवय इतकी मुरली होती की हात मिळवतानासुद्धा आधी त्यांचा उलटा हात पुढे येई.

मी त्यांना भित्रा समजत असे. मी तेव्हा वीस वर्षांचा, पत्रकं वाचून वाढलेला आणि स्वतःही छापून वाटणारा. गावात वीज नुकतीच आली होती. 'भीती ही गुलामीची पहिली पायरी' असं माझं एक पत्रक मी चाचांच्याच दारावर डकवलं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "खळ लावताना बाजूला तार नव्हती ना?"

पुढच्या वर्षी ताई चिपळूणहून बाळंतपणाला माहेरी आली. आमची न्हाणी भर दुपारीही काळोखी, त्यात चुलीचा धूर. बाईने अंधारात का न्हावं? मला हा तत्त्वाचा प्रश्न वाटला, आणि मी स्वतः दिवा लावला. कपडे वाळत घालायच्या लोखंडी तारेला विजेची तार सुतळीने बांधत आत नेली. काळजी घेतली नाही असं नाही. वाटेत पडवीत त्याच तारेत ओळीने दुसरा दिवा जोडला. दोन्ही दिवे मंद जळू लागले. म्हणजे वीज अर्धी झाली, म्हणजे धोका गेला. माझा हिशेब असा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई न्हाणीत गेली, आणि चाचा पडवीत आले. दिव्याकडे बघून म्हणाले, "हा पेंगतोय का?" मी अभिमानाने सगळं समजावलं. त्यांचा चेहरा उतरला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. पण ते दाराशी जाऊन फार हळू बोलले.

"ताई, आहेस तिथेच उभी राहा बाळा. कशाला हात लावू नकोस. वासू, मेन बंद कर."

मी मेन बंद केला. ताई बाहेर आली. "वाळलेलं लुगडं काढायला हात वर केला होता, एवढंच," ती म्हणाली. मग मला दिसावं म्हणून चाचांनी मेन पुन्हा चालू करायला लावला आणि कपड्यांच्या तारेला टेस्टर टेकवला. त्यात लाल उजेड उभा राहिला. लोखंडाने माझ्या तारेचं वेष्टण घासून टाकलं होतं. ताईचा ओला हात त्या तारेपासून वीतभरच लांब राहिला होता.

"पण मी वीज अर्धी केली होती," मी म्हणालो.

"वाघ पेंगला म्हणून त्याचे दात पडतात?"

मी पायरीवर बसलो. कंदिलाच्या घरी जी सुखरूप राहिली, तिला मी माहेरी मारत होतो.

संध्याकाळी चाचा घरून एक जड लोखंडी डबा घेऊन आले. ट्रान्सफॉर्मर, विजेचा जोर उतरवणारा. तो त्यांनी पडवीत, कोरड्या भिंतीवर उंच बसवला आणि बटणही तिथेच. न्हाणीत गेली ती फक्त बारा व्होल्टची जाड तार आणि काचेच्या बंद हंडीतला मोटारीचा दिवा. "आत दोन गुंडाळ्या आहेत," ते म्हणाले, "लाइनीची वेगळी, दिव्याची वेगळी. एकमेकींना शिवता कामा नये." शिवाशिवीविरुद्ध मी तीन पत्रकं लिहिली आहेत. एवढी एक मला मान्य आहे.

ताईला मुलगी झाली. तेव्हापासून चाचा रोज सकाळी न्हाऊ घालायच्या वेळी "दिवा तपासायला" येऊ लागले. बटण दाबून बाकावर बसत. आत पाणी पडे, बाळ टाहो फोडी. रडणं थांबेपर्यंत चाचा मान खाली घालून ऐकत. मग "चालू आहे," म्हणून उठत.

एकदा मी विचारलं, "चाचा, दिवा तर लगेच लागतो. मग बसता कशाला?"

ते टेस्टर पुसू लागले. "माझी पोर जन्मली तेव्हा आमची बोट एडनला होती. मी येईपर्यंत ती गेली. चाळीस दिवस होती. कशी रडायची, ते कोणाला सांगता येत नाही."

म्हणून ही विनंती. आज अंघोळीला जाण्याआधी वर बघा. बटण आत असेल किंवा विजेची तार कपड्यांच्या तारेवरून गेली असेल, तर मेन बंद करा आणि जाणता माणूस बोलवा. आणि काम झाल्यावर तो तुमच्या पडवीत थोडा रेंगाळला, तर त्याला उठवू नका. बाळ न्हाऊन होईपर्यंत बसू द्या.