साळिंदरांची राखीव जागा

एका जंगलात, बाळांनो, साळिंदरं राहायची. कधीपासून, ते त्यांनाही सांगता येत नसे. त्यांनी ते कुठं लिहून ठेवलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

मग गावातून दावं तोडून पळालेली गुरं तिथं वस्तीला आली. चार पावसाळ्यांत त्यांची गर्दी झाली आणि त्यांनी पंचायत काढली. सरपंच झाला रंगराव वळू. वरून हुकूम आला, की एक जागा साळिंदरांसाठी राखीव ठेवा. रंगराव म्हणाला, ठेवू की, आपल्याकडं जागेला काय तोटा.

त्या जागेवर बुधी नावाची साळिंदर मादी निवडून आली. तिला खुर्ची मिळाली दाराजवळ, केरसुणीशेजारी. ठराव हंबरून वाचले जात, त्यामुळे तिला त्यातलं अक्षर कळत नसे. तिनं दोनदा विचारलं, की ठरावात आहे तरी काय. दोन्ही वेळा इतिवृत्तात लिहिलं गेलं, ‘सदस्या बुधीताईंनी आनंद व्यक्त केला.’ तिसऱ्या वेळी ती गप्प बसली. तेव्हा ‘अतिशय आनंद’ लिहिला गेला.

मग टेकडीचा ठराव आला. टेकडीत साळिंदरांची बिळं होती. ती बुजवून तिथं बाग करायची होती. बागेचं नाव, ‘साळिंदर गौरव उद्यान’. यावर राखीव सदस्याची सही लागत होती, म्हणून हा ठराव तिला पहिल्यांदाच तिच्या भाषेत समजावून सांगण्यात आला.

तिची दोन पिल्लं त्या क्षणी तिथल्याच एका बिळात झोपली होती.

ती म्हणाली, "सही मिळायची नाही. आमचा गौरव करायचाच असेल, तर आम्हाला घराबाहेर न काढता करा."

रंगराव चिडला नाही. तो फार सभ्य वळू होता. त्यानं एवढंच विचारलं, "बाई, तुम्ही साळिंदर असल्याचा दाखला आहे का?"

बुधीनं अंगावरचे काटे फुलवून दाखवले. पडताळणी समितीतल्या तीन म्हशींनी ते रवंथ करत पाहिले आणि काटे हा पुरावा धरता येत नाही, असं कळवलं. पन्नास वर्षांपूर्वीचा बिळाचा उतारा हवा होता. बुधीकडे तो नव्हता. रंगरावाचा मेहुणा खंडू, हा जातीचा खोंड, त्याच्याकडे मात्र निघाला. त्यानं पाठीवर बाभळीचे काटे बांधले, आपण पिढीजात साळिंदर असल्याचं शपथेवर लिहून दिलं आणि बुधीच्या खुर्चीवर बसून सही ठोकली.

आठवड्यात बिळं बुजली. बुधी पिल्लांना घेऊन ओढ्यापलीकडं गेली. तिथली जमीन खडकाळ. उकरून उकरून तिची नखं झिजली.

उद्घाटनाला तिला बोलावणं आलं. फोटोसाठी खंडूनं काटे फुलवायचे होते आणि ते त्याला काही केल्या जमेना. रंगरावानं तिला मंचावर घेतलं आणि आमच्या साळिंदराला जरा शिकवा, अशी हात जोडून विनंती केली.

बुधीनं खंडूला नीट उभं केलं, फोटोसाठी पुढं तोंड करून उभ्या सरपंचांच्या मागं, त्यांच्याकडे पाठ करून. मग ती शांतपणे म्हणाली, "आता डोळे मीट आणि जोरात मागं जा. आम्ही असंच करतो."

खंडू गेला.

फोटो फार सुरेख आला. रंगरावाला अजून बसता येत नाही, त्यामुळे पंचायतीच्या सभा हल्ली उभ्या उभ्या होतात आणि लवकर संपतात. टेकडी काही परत मिळाली नाही. बुधी ओढा ओलांडून उरलेलं बीळ उकरायला गेली. पण त्या दिवशी उकरताना ती मधेच थांबून हसत होती, असं तिची पिल्लं सांगतात.

तात्पर्य: जंगलात राहायला दाखला लागतो. दाखला मिळवायला जंगलात राहावं लागत नाही.