घाटरस्त्याच्या भेगेची आणि कोनशिलेची हकीकत

श्री. वाट दाखविणारी देवी प्रसन्न असो, वाट लावणारे रुसले तरी चिंता नाही. शके अठराशे शहाऐंशी, क्रोधीनाम संवत्सरे, चैत्रमासापासून घडले ते लिहितो. नाव न घेण्याजोगे एक राज्य होते. तेथे महाराज देवभोळे आणि मार्गमंत्री तुळोजीराव नारळभोळे. राज्याची रीत ऐसी की, नारळ फुटला आणि मंत्र्याच्या नावाची कोनशिला बसली तरच ते काम, एरवी ती नुसती मजुरी. त्यामुळे रस्ता मेल्यावाचून त्यास कोणी हात लावीत नसे. जित्या रस्त्याची निगा राखणे हा तेथे अपशकुन मानीत. आग लागो असल्या शकुनाला!

त्या राज्यात सुभानजी म्हणोन रस्त्यांचे दरोगा होते. जातीचे कुंभार, घाटमाथ्यावरील वाडीचे, डोके तापट आणि जीभ त्याहून तापट. त्यांनी वाडीपासून बाजारापर्यंत घाटरस्ता बांधिला आणि त्याचे उद्घाटन तुळोजीरावांनी केले आणि घाटाच्या तोंडाशी चौथऱ्यावर काळ्या पाषाणाची भली थोरली कोनशिला बसली. मग काही पावसाळे बरे गेले. आणि त्या चैत्रात सुभानजी घाट चढत असता डांबरावर केसासारख्या भेगा दिसल्या. त्यांनी खाली बसून भेगेत काडी घातली, ती पार आत गेली. डांबराचा लेप फाटला की पावसाचे पाणी खालच्या खडीत शिरते, माती भिजते, वरून गाडी जाते आणि रस्ता बसतो, हे त्यांस ठाऊक. आज डांबर ओतले तर भागत होते. तैसेच उठोन दरबारी गेले आणि मुजरा करून अर्ज केला की, वखारीतील डांबर मिळावे.

तुळोजीराव पुसते जाहले, "रस्ता फुटला काय?"

"नाही, सरकार. भेगा पडल्या. पावसाआधी बुजविल्या पाहिजेत."

"मग फुटू द्या. भेगेवर नारळ कोठे फोडावा, दरोगा?"

"माझ्या कपाळावर फोडा, पण आज फोडा!"

दरबार खो खो हसला आणि मंत्र्यांची मर्जी खप्पा जाहली आणि हुकूम सुटला की, धडधाकट रस्त्यास औषध नको, वखारीस कुलूप घाला. महाराज जपमाळ ओढीत होते, त्यांनी मान डोलाविली. सुभानजी दात खात घरी आले. त्या दिवशी कुलूप फोडावयास हवे होते, परंतु नोकरीस भ्याले. तो राग त्यांस स्वतःचाही होता आणि म्हणोनच तो विझेना.

मग पाऊस लागला आणि घाटात कोसळला आणि भेगेतून पाणी रस्त्याच्या पोटात गेले आणि खडी सुटली आणि वळणावर खड्डा पडला, बैल उभा राहील एवढा. आश्विन तोंडावर आला. सुभानजींची धाकटी बहीण थकूबाई वाडीतच दिली होती. थापीने ठोकून तिने घडविलेले मडके वाजविले तर घंटेसारखे वाजे, ऐसा तिच्या उजव्या हाताचा लौकिक. घटस्थापनेसाठी घट भरोन तिची गाडी बाजारास निघाली आणि वळणावर चाक खड्ड्यात गेले आणि गाडी उलटली. घटांचा चुरा जाहला. आणि थकूबाईचा उजवा हात चाकाखाली आला. हाडवैद्याने बांधिला, पण बोटे मिटेनात. सुभानजी धावत आले तो ती ओसरीवर बसलेली. रडत नव्हती.

"दादा, रस्ता तूच बांधलास ना रे?"

"होय, बाई."

"मग बिघडत होता ते तुला दिसलं नाही?"

"दिसलं होतं."

"मग?"



इकडे तुळोजीरावांस आनंद मावेना. रस्ता मेला! वाजंत्री आली, मांडव पडला, हारतुरे आले, नारळांचे पोते आले आणि नवी कोनशिला घडावयास टाकिली. बैल गेला आणि झोपा केला, त्यावर पुन्हा झोपा केल्याची मिरवणूक! मंत्री वळणावर गाडीतून उतरोन हसत बोलिले, "आता कसे, दरोगा! आता रस्ता कामाचा जाहला."

 सुभानजींनी पहार उचलली आणि तडक घाटाच्या तोंडाशी गेले आणि जुनी कोनशिला चौथऱ्यातून उखडली. वाडीचे गडी धावले. तिला गाडीवर घालून वर आणिली आणि खडी ठोकून खड्ड्यात बसविली, अक्षरे वर करून. शिळा चपखल बसली.

मंत्री ओरडले, "अरे, काय करितोस हे? माझे नाव आहे त्यावर!"

"नावच आहे, सरकार. आजवर उन्हात नुसते उभे होते, आता कामास लागले. आणि नारळ फोडावयाचा तर फोडा, दगड तयार आहे!"

वाडीची माणसे हसली नाहीत. त्यांनी मुकाट्याने गाड्या जुंपिल्या आणि एकामागून एक त्या नावावरून नेल्या. वाजंत्र्यांनी सनया खाली ठेविल्या.

सारांश, दरोग्यांची नोकरी गेली. ते वाडीत येऊन थापीने मडकी ठोकू लागले, कारण थकूबाईस एका हाताने ते होईना. नवा रस्ता जाहला, त्यावर नवा नारळ फुटला, पुढे त्यासही भेगा पडल्या आणि त्याही कोणी बुजविल्या नाहीत. लोकांनी वळणावरची शिळा मात्र कोणास काढू दिली नाही. घाटात तेवढीच जागा शाबूत आहे. थकूबाई बाजारास निघाली की तेथे गाडी थांबविते, खाली उतरते, त्या नावावर थुंकते आणि पुन्हा गाडीत बसते.