शून्य म्हणजे सुखी

आमच्या सोसायटीतल्या गायकवाड मॅडमना पत्ता विचारलात, तर त्या "दोन, तीन, शून्य" असं सांगतात. कुरियरवाला दोनशे तीस नंबरचा फ्लॅट शोधत तिन्ही विंग पालथ्या घालतो आणि शेवटी माझ्या दारात येतो, कारण मी सेक्रेटरी. खरा पत्ता सी विंग, तिसरा मजला, पहिलं दार. पण मॅडम मोजतात शून्यापासून. ए विंग शून्य, बी एक, सी दोन. "तळमजल्याला तुम्ही पहिला म्हणता का, सेक्रेटरी? मग दारांनीच काय घोडं मारलंय?" मी चरफडत कुरियरवाल्याला सी विंगचा जिना दाखवतो.

मॅडम एका विमा कचेरीच्या कॉम्प्युटर विभागातून रिटायर झाल्या. डोंबिवलीत रिटायर झालेली माणसं भजनी मंडळात जातात, नाहीतर माझ्या चुका काढतात. मॅडम दोन्ही सोडून प्रोग्रॅम लिहितात. त्यांची ती भाषाही जगावेगळी. तीन विंग, सात मजले, मजल्यावर चार दारं, असे आमचे चौऱ्याऐंशी फ्लॅट, प्रत्येकाचा एक आकडा, ते सगळे आकडे त्या एका नावाखाली ठेवतात आणि त्यापुढे एकच चिन्ह टाइप करतात. त्या चिन्हाचा अर्थ 'कुठे?'. जिथे जिथे शून्य नाही तिथले पत्ते पटकन समोर येतात. इतर प्रोग्रॅमवाले म्हणे एकेका आकड्यापाशी जाऊन विचारतात. मॅडमना ते बघवत नाही. "दारोदार कशाला फिरायचं? सगळ्यांना एकदम विचारावं. शून्य म्हणजे सुखी, त्याला त्रास देऊ नये."

गेल्या वर्षी गळतीवरून सभा भरली. गळती असणाऱ्यांनी हात वर करा म्हटलं, तर नसलेल्यांनीही केले. मॅडमनी ग्रुपवर फर्मान काढलं, गळत असेल तर एक लिहा, नसेल तर शून्य. बी विंगच्या जोशींनी 'अर्धा' लिहिलं.

"अर्धा म्हणजे काय हो?" मी विचारलं.

"अधूनमधून गळतं," जोशी म्हणाले.

"शून्य नाही ना? मग आलात यादीत," मॅडम म्हणाल्या.

यादी निघाली तीनच ओळींची. एक-दोन-तीन, एक-तीन-तीन, एक-चार-तीन. "शेवटचा आकडा बघा. तिघांची दारं एकाखाली एक. उभा पाइप फुटलाय." मी तोवर गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर तासभर भाषण ठोकलं होतं. प्लंबरने पाइप उघडला, तर चीर तिथेच निघाली.

मग परवाच्या जूनमध्ये, सकाळी सव्वानऊला, ग्रुपवर मॅडमचा मेसेज आला. नुसताच 'शून्य, चार, एक'. पुन्हा गळती, म्हणून मी कपाळाला हात लावत ए विंगच्या चौथ्या मजल्यावर गेलो आणि सवयीने पहिल्या दाराची बेल वाजवली. टॉवेल गुंडाळलेले गृहस्थ म्हणाले, "इथे काही गळत नाही. तुमचं काय गळतंय?" तेवढ्यात शेजारचं दार उघडं दिसलं. ते एकट्या राहणाऱ्या पेंडसेकाकांचं. आत काका पलंगावर पडलेले आणि मॅडम त्यांना चमच्याने साखरपाणी पाजत होत्या.

"चक्कर आलीय. डॉक्टरांना फोन केलाय," त्या म्हणाल्या. "मेसेज चुकून ग्रुपवर गेला. माझ्या टिपणात टाकत होते."

"पण तुम्हाला कळलं कसं?"

"दूध दारातच होतं."

मग सगळं बाहेर आलं. दारोदार फिरायला नाक मुरडणारी ही बाई रोज नऊला व्यायामाच्या नावाखाली तिन्ही विंगचे जिने चढते. एकटं राहणाऱ्यांची दारं बघते. दुधाची पिशवी आत गेली असेल तर शून्य, लटकत असेल तर एक. जिथे एक, तिथे बेल वाजवते. पेंडसेकाकांनी तर तिला जादा किल्लीच देऊन ठेवली होती.

"माझी धाकटी बहीण आंबिवलीला एकटी राहायची," मॅडम पेल्यात चमचा फिरवत म्हणाल्या. "तिच्या दारात तीन पिशव्या साचल्या. शेजारी तिन्ही दिवस बघत होते, सेक्रेटरी. पहिल्याच दिवशी कोणी बेल वाजवली असती तर..."

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आणि तुमची पिशवी कोण बघतं?"

"मीच की! माझा आकडा कायम शून्य." त्या हसल्या. मला काही हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मीही नऊला सी विंगमध्ये चक्कर टाकायला लागलो. घरी सांगितलं, पाण्याची टाकी बघून येतो. दोन आठवडे मॅडमच्या कडीला काही नव्हतं. मग एका मंगळवारी नऊ वाजून दहा मिनिटं झाली तरी पिशवी तिथेच. मी बेल वाजवली. पुन्हा वाजवली. तिसऱ्यांदा बोट काढलंच नाही. किल्ली माझ्याकडे नव्हती, आणि आजवर कधी मागायचं सुचलं नव्हतं.

दार उघडलं. मॅडम धडधाकट, केस विंचरून तयार.

"अहो मॅडम, दूध!" मी जवळजवळ ओरडलोच.

"माहीत आहे. मुद्दाम ठेवलं."

"मुद्दाम? माझा जीव गेला असता इथे!"

त्यांनी कडीची पिशवी काढली आणि दोन्ही हातांत धरली.

"बघत होते," त्या म्हणाल्या, "कोणी येतं का."