आधी काय दळलं?

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते हट्टा गावच्या शाळेतल्या लिंबाजी गुरुजींचे. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला, तो त्यांच्यामुळे. गाव मात्र त्यांना ओळखायचे गिरणीतल्या एका प्रश्नावरून. ज्वारीचा डबा खाली ठेवण्याआधी ते विचारत, "आधी काय दळलं?"

गहू दळला असेल, तर मध्ये दुसऱ्या कुणाची ज्वारी दळून होईपर्यंत गुरुजी दाराशी उभे. गिरणीवाले चाचा म्हणत, "गुरुजी, लोकं सणाला गहू यायाची वाट बघतेत, अन् तुमी गहू जायाची वाट बघून राहिले!"

चिमूटभर कणीक पोटात गेली, तरी गुरुजी चार दिवस आडवे होत. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितले होते, गहू तुम्हाला विष आहे. म्हणून ते कुणाच्या पंगतीला जात नसत. लोक म्हणत, मास्तरला मोठा ताठा.

मला कॉलेजात घालायला ते पुण्याला आले. पहिल्याच खानावळीत थेट चुलीपाशी शिरले. "या कढईत आधी काय तळलं?"

"मास्तर, जेवायला आलात का धाड घालायला?" मालक खेकसला.

त्या शहराच्या धास्तीने माझ्या घशाखाली घास उतरेना. गुरुजींनी पिशवीतून भाकरीचे गाठोडे काढले. "खाय लेकरा, घरचं हाय." दोन दिवस मी तेच खाल्ले. गुरुजी स्वतः केळी खात. "केळं बेस. त्याच्या आधी कोणी काही दळत न्हाई."

तिसऱ्या दिवशी पाचव्या खानावळीत ज्वारीची भाकरी मिळाली. "शुद्ध ज्वारी!" वाढपी म्हणाला. भाकरी मऊ राहावी म्हणून आचारी पिठात मूठभर कणीक मिसळतो, हे आम्हाला मागाहून कळले.

दुपारी लॉजवर गुरुजी पांढरेफटक पडले. हातपाय गार. तिकडे प्रवेशाची खिडकी पाचला बंद होणार.

"गुरुजी, तुमाला काही झालं तर मी काय करू?"

"काही होत न्हाई. फारम भरून ये. काहून उभा राहिला? जा!"

पळत गेलो, पळत आलो. दार लोटायचा धीर होईना. आतून क्षीण आवाज आला, "लागलं का नाव?"

"व्हय, गुरुजी."

उशाशी त्यांची रिकामी पिशवी पडली होती. मी खाल्लेल्या भाकरी म्हणजे त्यांचे सगळ्या मुक्कामाचे जेवण होते, हे मला तेव्हा उमगले.

यंदा मी बी.ए. झालो. पदवीदानाला या म्हणून कळवले, तर त्यांचे कार्ड आले: "लई आनंद झाला. पण पुण्याला येणं होत न्हाई. भ्याव वाटतं."

त्यावर मी हे पत्र टाकले:

"गुरुवर्यांस साष्टांग नमस्कार. मी नवे जाते घेतले आहे. शेजारच्या सोलापूरच्या काकू भाकरी थापून देणार आहेत. परात नि तवासुद्धा नवा. दळण मी स्वतः दळतो. तुम्ही विचारालच, म्हणून आधीच लिहितो. दगडाची कच निघावी म्हणून पहिल्यांदा दळून टाकली, तीही ज्वारीच होती. गुरुजी, या. तुमच्या पंगतीला मी बसेन."