मिरवणुकीची फियाट

भाच्याच्या साखरपुड्यात दुसरी जिलेबी खाता खाता मी जाहीर करून टाकलं, "भाग्येशची मिरवणूक माझ्या फियाटमधून निघेल!" (पहिल्या जिलेबीपर्यंत मी शहाणा होतो.) भाग्येश म्हणजे माझ्या बायकोच्या, रमिलाच्या, भावाचा मुलगा. तिच्या माहेरच्यांनी टाळ्या वाजवल्या. रमिलाने नाही वाजवल्या.

फियाट अडुसष्टची, माझ्याहून एका वर्षाने मोठी. सहा-सात महिन्यांपासून ती काळा धूर ओकत होती आणि उभी राहिली की बंद पडत होती. मिरवणुकीत नेमकं हेच झालं असतं, तर मला सासुरवाडीत तोंड दाखवायला जागा उरली नसती. मोबाईलवर तीन व्हिडिओ बघून मी निदान केलं : कार्ब्युरेटर. पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला पाजणारं ते यंत्र म्हातारं झालंय! मग मी नंदुरबारच्या भंगारातून एका जीपचा कार्ब्युरेटर आणून बसवला. तो फियाटला इतकं पेट्रोल पाजायला लागला, की पंपावरचा माणूस मला नमस्कार करू लागला.

रोज संध्याकाळी तळोद्याहून ऑफिस करून आलो, की मी शहाद्याच्या आमच्या अंगणात बॉनेट उघडून बसायचो. स्क्रू अर्धा फेरा आत, पाव फेरा बाहेर. एकदा खाटेवर वाळत घातलेले बिबडे, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, धुराने काळे झाले.

"हाई काय व्हयनं? बिबडा शेतस का कोळसा?" रमिला ओरडली.

"ट्यूनिंग चालू आहे," मी म्हणालो.

"मंग तुम्हीच खा ते ट्यूनिंग!"

(खाल्लं. रॉकेलसारखं लागतं.)

शेवटी लग्नाला दोन दिवस उरले आणि मी नवापूरच्या दानियल मेकॅनिकला बोलावलं. त्याने बॉनेटला हात लावला नाही. दार उघडून आत बघत राहिला.

"साहेब, हे लिंबू-मिरची कशाला टांगलंय?"

"त्या गोल बटणाला. बाहेर ओढलं की दोरा छान अडकतो."

"हा चोक आहे. थंड इंजिन सुरू करताना ओढायचा, मग आत ढकलायचा. बाहेर राहिला की नुसतं पेट्रोल जातं. कधीपासून आहे?"

"दसऱ्यापासून." तेव्हा वैशाख चालू होता. मी दर शनिवारी न चुकता लिंबू बदललं होतं, आणि बटण मात्र हलू दिलं नव्हतं. (खरं तर नजर लागावी असं त्या गाडीत काहीही नाही.)

दानियलने चोक ढकलला, जुनाच कार्ब्युरेटर परत बसवला आणि मान तिरकी करून, ऐकत ऐकत स्क्रू फिरवला. "इंजिन सगळ्यात गोड वाजेल तिथे थांबायचं," तो म्हणाला. इंजिन असं शांत झालं, की मला खरंच भरून आलं.

लग्न प्रकाशा गावात, नवरीच्या घरी. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत डीजेमागून फियाट मुंगीच्या चालीने निघाली आणि एकदाही बंद पडली नाही! मी रुबाबात स्टिअरिंगवर. पण गाणं बदललं आणि नवरदेवाला राहवेना.

"फुवा, मन्हा फेटा धरा!" असं मला, आत्याच्या नवऱ्याला, म्हणत भाग्येश उतरला आणि मित्रांत नाचायला गेला. दोन्ही हात गाडीत गुंतलेले, फेटा धरू कुठे? मी डोक्यावर घातला. नाचणारे बाजूला सरकले आणि मी रिकाम्या गाडीसह मांडवाच्या दाराशी पोहोचलो.

तिथे नवरीची आजी अनुसयाबाई ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. तिला डोळ्यांनी कमी दिसतं. तिने खिडकीतून माझ्या कपाळाला कुंकू लावलं, तोंडात पेढा कोंबला, आणि शेजारी आलेल्या रमिलाला म्हणाली, "नवरदेवनं वय जरा जास्त दिखस, माय. पण गाडी भारी शे!"

मी तोंडातला पेढा आवरत रमिलाकडे बघितलं.

"नवरदेव पसंत शे ना, आजी?" ती म्हणाली. "मंग ठेई ल्या. पण मी परत लेवाव नही हां!"