अण्णांच्या दारात न थांबलेली पालखी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही: वीरगळावरच्या गायी मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या.

पण आधी अण्णा. पोलादपूरजवळच्या आमच्या गावातले हे निवृत्त एसटी कंडक्टर खिशात तांदळाचं पीठ घेऊन फिरत. जुना कोरीव दगड दिसला की त्यावर पीठ चोळायचं, मग झिजलेली रेघसुद्धा उठून दिसते. त्यामुळे सदऱ्याचा खिसा कायम पांढरा आणि अण्णा जिथे टेकतील तिथे मुंग्या. नोकरीत असतानाही आंबेनळी घाटात असा दगड दिसला की घंटी मारून गाडी थांबवायचे. प्रवासी ओरडत, "ओ मास्तर, गाडी महाबळेश्वरला चाललीय का शिवकाळात?"

"दोन्हीकडं जाते. तिकीट एकच."

आमच्या देवळापुढे एक वीरगळ आहे, म्हणजे लढताना पडलेल्या वीराचा दगड. वरची आळी म्हणे, हा आमचा पूर्वज. खालची म्हणे, आमचा. ज्यांचा वीर, त्यांना शिमग्यात पालखीचा पहिला खांदा. भांडण मिटेना, तेव्हा गावकीनेच अण्णांना दगड वाचायला लावला. पाणी ओतायला मी होतो. दगड धुतला, सुकला, पिठाचा हात फिरला आणि वीराच्या पायाशी दोन गायी उभ्या राहिल्या.

अण्णा गावकीत म्हणाले, "हा वरच्यांचा नाय, खालच्यांचाबी नाय. गुरं सोडवताना पडलेला गुराखी हाय. धनगरवाड्यावरचा असणार."

कधी एका पंगतीला न बसलेल्या दोन्ही आळ्या त्या दिवशी एक झाल्या. "म्हाताऱ्याच्या डोक्यात पीठ गेलंय!" मग मला विचारलं, "तू होतास ना रे तिथं? दिसल्या गायी?"

समोर वरच्या आळीकडून भांडणारे माझे चुलते बसले होते. मी म्हणालो, "नाय. मला निस्तं पीठ दिसलं."

सगळे हसले. अण्णाही हसले, माझ्याकडे न बघता.

शिमग्यात देवाची पालखी घरोघर थांबते. त्या वर्षापासून ती अण्णांच्या दारात थांबेना. त्यांची बायको कधीच वारलेली, मुलगी सुरतेला. तरी दरवर्षी अंगण सारवून, धुतलेला सदरा घालून, हातात नारळ घेऊन ते उभे राहायचे. ढोल त्यांच्या दारावरून पुढे जायचा. पालखीच्या पुढच्या दांडीला मी असायचो.

पहिल्याच वर्षी, पालखीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा माझ्या घरी आले. वाटलं, आता ऐकवणार. म्हणाले, "काल पालखी तुझ्या अंगाला कलत होती रे. खांदा दुखतो काय?" शेकायला जाड्या मिठाची पुरचुंडी ओट्यावर ठेवली आणि चहा न घेता गेले.

अण्णा गेल्या पावसाळ्यात वारले. आता धनगरवाड्यावरची माणसं म्हणतात, वीरगळापाशी पाटी लावू, दगड कुणी वाचला तेही लिहू. गाव म्हणतं, खोटारड्याचं नाव देवळापुढे नको. रविवारी गावकी बसतेय.

त्या दिवशी खरं काय दिसलं, ते गावकीत उभं राहून सांगणं, एवढं अण्णांचं देणं मी अजून लागतो.