मॅनिफोल्डला लागलेली दृष्ट

दृष्ट निर्जीव वस्तूंना माणसांपेक्षा लवकर लागते, आणि निर्जीव वस्तूंतही महागड्या वस्तूंना आधी लागते. उंद्रीच्या गणेशच्या गाडीमुळे ही गोष्ट आता निर्विवाद सिद्ध झाली आहे.

गाडी जुनी घेतलेली, पण टर्बोची. कंपनीने बसवलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (म्हणजे इंजिनाचा जळका धूर गोळा करून पुढे ढकलणारा नळ्यांचा जुडगा) ओतीव बिडाचा, काळा, जाड आणि दिसायला दरिद्री होता. तो फुटत नव्हता, एवढाच काय तो त्याचा गुण. गणेशने तो काढून बाहेरचा, पातळ चकचकीत नळ्यांचा मॅनिफोल्ड बसवला. त्याने वेग किती वाढला हे चिखलीच्या रस्त्याने कधी कळू दिलं नाही. आवाज मात्र वाढला, आणि लग्नाच्या बायोडेटात ‘स्वतःची गाडी’च्या जागी ‘स्वतःची टर्बो गाडी’ आलं.

चकचकीत वस्तू झाकून ठेवण्यात अर्थ नसतो. म्हणून गाडी थांबेल तिथे गणेश बोनेट उघडून ठेवी. लोक जमत, वाकून पाहत, आणि नेमका त्यानंतरच मॅनिफोल्ड तडके. असे तीन तडकले. तिन्ही बोनेट उघडं असताना, तिन्ही लोकांदेखत. याहून पुरावा तो कोणता हवा?

या विषयात हे घर अनुभवी आहे. गणेशच्या वडिलांच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून त्यांना जन्मतःच उकिरड्यावर लोळवून त्यांचं नाव उकंडराव ठेवलं गेलं. ते सत्तरीत आहेत आणि ठणठणीत आहेत.

सबब, पहिला तडकल्यापासूनच मॅनिफोल्डच्या संरक्षणार्थ पुढील उपाय अमलात आणण्यात आले. लिंबू-मिरची, थेट इंजिनाशेजारी (चिखलीपर्यंत टिकते, पुढे लोणच्याचा वास येतो). काळी बाहुली (वितळली). आणि सगळ्यांत खात्रीचा, गणेशच्या आई झुंबरबाईंचा भाकरतुकडा. माणसावरून ओवाळलेलं पाणी बाजूला टाकतात. पण माणसाला दृष्ट अंगभर लागते, या गाडीला ती फक्त मॅनिफोल्डला लागत होती. म्हणून झुंबरबाई गाडी थांबताच तुकडा बाजूला टाकत आणि तांब्याभर गार पाणी थेट लाल तापलेल्या नळ्यांवर ओतत. चर्र आवाज येई. तो दृष्ट जळाल्याचा. एवढं करूनही मॅनिफोल्ड फुटे, यावरून लोकांची नजर किती कडक होती हे लक्षात यावं. साहजिकच दर वेळी तांब्या मोठा होत गेला.

चिखलीचे मिस्त्री राजकुमार यांचाही अभिप्राय दृष्टीच्याच बाजूने पडला. (नवा मॅनिफोल्ड त्यांच्याकडेच मिळतो.)

अशा सर्व खबरदारीनिशी मंडळी दुसरबीडला मुलगी पाहायला गेली. मुलीचं नाव छकुली (शाळेच्या दाखल्यावरही हेच). गाडी दारात थांबली, बोनेट उघडलं, निम्मी आळी जमली. झुंबरबाईंनी घरून कळशीच आणली होती. चर्र झालं, मग तड् झालं, आणि चौथा मॅनिफोल्ड भावी सासुरवाडीच्या दारात कामी आला.

पोहे झाले. शेवटी रीतीप्रमाणे उकंडराव मुलीला म्हणाले, “तुले काही इचाराचं असन तर इचार, बाई.”

या प्रश्नाचं उत्तर मान खाली घालून ‘नाही’ असं असतं. छकुलीने मान वर केली.

“मावशी, तापल्या लोखंडावर गार पाणी काऊन टाकता? तडकीनच ना ते.”

मुलीच्या आईने कपाळाला हात लावला. गणेशला मात्र ती त्या क्षणी मनापासून आवडली, आणि हे मी थट्टेने सांगत नाही. ती बरोबर बोलली हेही त्याला ठाऊक होतं. (पाण्याची गोष्ट त्याने मोबाईलवर कधीच वाचली होती, पण आईपुढे मोबाईलचं काय चालणार?) त्याने एवढंच म्हणायचं होतं की, “हो, आई.” सगळे त्याच्याकडे पाहत होते. तो बशीत उरलेल्या पोह्यांकडे पाहत राहिला.

परतताना गाडी ट्रॅक्टरसारखी भडभडत होती. त्या आवाजातच ओरडून झुंबरबाईंनी निकाल दिला, “पोरगी गुणाची हाय. पण गाडीकडं कशी पाहे, पाह्यलं ना? तिचीच लागली.”

मुलीकडे नकार कळवण्यात आला. पाचवा मॅनिफोल्ड बसवण्यात आला आणि घराण्याच्या अनुभवानुसार त्याचं नाव उकंड्या ठेवण्यात आलं. “माह्यं नाव लोखंडाले काऊन?” अशी हरकत उकंडरावांनी घेतली, ती फेटाळण्यात आली. गणेशने हल्ली बोनेट उघडणं सोडलं आहे. विचारलं तर म्हणतो, मन लागत नाही.

आता आपण हसत आहात. पाणी कुठे मुरतंय हे आपल्याला निम्म्या वाटेतच कळलं होतं, आपण शिकलेली माणसं. मग एवढंच सांगा. आपल्या मुलासाठी पाहिलेली मुलगी अशी मान वर करून, चारचौघांत, आपली चूक दाखवून बरोबर बोलली असती, तर आपण काय कळवलं असतं?

घाई नाही. तोवर पोहे घ्या.